टेबलापासून खाणीपर्यंत : जेम्स वॅट

जेम्स वॅट म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. चुलीवरची किटली, वाफेने थडथडणारं झाकण आणि त्याकडे टक लावून बसलेला एक मुलगा. या मुलाने पुढे वाफेच्या इंजिनाचा शोध लावला, या वाक्यावर गोष्ट संपायची. जोड्या लावा या प्रश्नात वॅटसमोर वाफेचं इंजिन लिहिलं की एक गुण पक्का.

इतक्या वर्षांनी तो गुण कुणी परत मागणार नाही, म्हणून सांगते. वॅट जन्मला तेव्हा वाफेचं इंजिन चोवीस वर्षांचं झालं होतं. थॉमस न्यूकोमेन नावाच्या इंग्रज माणसाने १७१२ साली डडलीजवळच्या कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसायला ते उभं केलं होतं. किटलीची गोष्टही वॅट प्रसिद्ध झाल्यावर त्याच्या नात्यातल्या एका बहिणीने लहानपणची आठवण म्हणून सांगितलेली आहे. खरी गोष्ट किटलीपेक्षा लांबलचक आहे, आणि आपण चाळिशी ओलांडलेल्यांनी वाचावी अशी आहे.

मी वॅटकडे वळले ते एका छंदामुळे. दिवसभर संगणकासमोर बसून जे काम मी करते ते हातात धरता येत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी वाफेच्या छोट्या इंजिनाचा एक संच मागवला. इंग्लंडमध्ये हा छंद शंभराहून अधिक वर्षं चालत आला आहे. त्याला वाहिलेलं 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक १८९८ साली सुरू झालं. संच म्हणजे आपण लहानपणी जोडायचो तसलं मेकॅनो नव्हे. डबा उघडला की त्यात इंजिन दिसतच नाही. बिडाचे आणि गनमेटलचे खडबडीत ओतीव तुकडे, थोड्या सळ्या, नटबोल्टची पुडी आणि एक ड्रॉइंग, एवढंच निघतं. प्रत्येक तुकडा लेथवर कातायचा, छिद्रं पाडायची, आटे पाडायचे आणि कानशीने घासून बसवायचा. माझ्या इंजिनाच्या सिलिंडरचा बोअर पाऊण इंच आहे, म्हणजे कारखान्यातल्या भाषेत सहा सूत. फ्लायव्हील तीन इंची. पूर्ण इंजिन दुधाच्या पिशवीशेजारी ठेवलं तरी नजरेत भरणार नाही. ते करताना वॅटबद्दल जे जे मिळेल ते वाचत गेले.

वॅटचा जन्म १९ जानेवारी १७३६ रोजी स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक या बंदरगावी झाला. आजोबा गणित आणि नौकानयन शिकवायचे. वडील जहाजांना लागणारं सामान पुरवायचे, सुतारकाम करायचे, खलाशांची उपकरणं दुरुस्त करायचे. जेम्स अंगाने अशक्त होता, डोकेदुखी त्याला जन्मभर पुरली. सुरुवातीची काही वर्षं तो शाळेत गेलाच नाही, आईवडिलांनी घरीच शिकवलं. पुढे शाळेत गेल्यावर गणितात चमकला. पण त्याचा जीव रमायचा तो वडिलांच्या कारखान्यात. तिथे त्याला स्वतःचं टेबल, स्वतःची हत्यारं आणि एक लहानशी भट्टी मिळाली होती. त्यावर तो याऱ्या आणि इतर यंत्रांच्या छोट्या प्रतिकृती करत बसे.

१७५३ साली आई गेली. वडिलांचा धंदाही खालावला. जेम्सने उपकरणं बनवायचं काम शिकायचं ठरवलं आणि १७५५ साली तो लंडनला गेला. तिथल्या कारागीर संघाच्या नियमानुसार सात वर्षं उमेदवारी करावी लागे. एवढा वेळ आणि पैसा त्याच्याकडे नव्हता. शेवटी जॉन मॉर्गन नावाच्या कारागिराने वीस गिनी घेऊन वर्षभर शिकवायचं कबूल केलं. पोटाला चिमटा काढून त्याने ते वर्ष काढलं. हाताला वळण लागलं, तब्येत मात्र बिघडली आणि तो घरी परतला.

त्याच सुमाराला ग्लासगो विद्यापीठाला जमैकाहून खगोलशास्त्राची उपकरणं देणगीत आली होती. समुद्रप्रवासात ती खराब झाली होती. ती साफ करून पुन्हा चालती करायचं काम वॅटला मिळालं आणि त्याबद्दल पाच पौंड मिळाले. १७५७ साली विद्यापीठाने आपल्या आवारातच त्याला कार्यशाळेसाठी जागा दिली. आजच्या भाषेत सांगायचं तर तो विद्यापीठाचा लॅब टेक्निशियन झाला. पदवी नव्हती, पण त्याच्या कार्यशाळेत गप्पा मारायला प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघेही येऊन बसत. रसायनशास्त्राचे प्राध्यापक जोसेफ ब्लॅक त्यांतले एक, आणि जॉन रोबिसन नावाचा हुशार विद्यार्थी दुसरा. वाफेचा विषय त्याच्यापुढे पहिल्यांदा काढला तो या रोबिसनने.

१७६३ च्या हिवाळ्यात विद्यापीठाने वॅटकडे एक मॉडेल दुरुस्तीला दिलं. वर्गात दाखवायचं ते न्यूकोमेनचं इंजिन होतं. सिलिंडरचा व्यास दोन इंच, दट्ट्याची चाल सहा इंच. आधी ते लंडनच्या कारागिराकडेही जाऊन आलं होतं.

न्यूकोमेनचं इंजिन कसं चालायचं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सिलिंडरमध्ये वाफ भरायची. मग आत थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी होतं, आत पोकळी तयार होते आणि बाहेरच्या हवेचा दाब दट्ट्याला खाली ढकलतो. दट्ट्याला जोडलेली मोठी तुळई तराजूच्या दांडीसारखी कलते आणि दुसऱ्या टोकाचा पंप खाणीतलं पाणी उपसतो. म्हणजे काम वाफ करत नाही, हवा करते. वाफ फक्त जागा मोकळी करून देते.

वॅटने मॉडेल दुरुस्त केलं, जाळ केला. इंजिन काही वेळा वरखाली झालं आणि वाफ संपून बंद पडलं. बॉयलर तर पुरेसा मोठा होता. मग वाफ जात होती कुठे?

याचं पहिलं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. पातेलंभर चहा बराच वेळ गरम राहतो, कपातला लवकर निवतो. वस्तू लहान होत जाते तसं तिचं घनफळ फार भराभर कमी होतं, पृष्ठभाग तितक्या वेगाने कमी होत नाही. दोन फूट व्यासाच्या सिलिंडरचं दोन इंची मॉडेल केलं, तर पृष्ठभाग १४४ पट कमी होतो, पण घनफळ १,७२८ पट. म्हणजे तेवढ्याच वाफेच्या वाट्याला बारा पट भिंत येते. फवाऱ्याने थंड झालेली ही भिंत दर खेपेला पुन्हा तापवण्यातच वाफ खर्च होते.

आमच्या क्षेत्रात अशा वेळी काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे. लहान मॉडेलमध्ये असं व्हायचंच, असा शेरा मारून तिकीट बंद. काम संपलं, मॉडेल परत, पैसे घ्या. वॅटने शेरा मारला, पण तिकीट बंद केलं नाही. त्याच्या मनात आलं ते असं की मॉडेलमध्ये जो तोटा डोळ्यांना दिसतो, तोच मोठ्या इंजिनातही होत असला पाहिजे; फक्त तिथे तो लपतो. खाणीच्या तोंडाशी विकला न जाणारा भुकटी कोळसा ढिगाने पडलेला असे. इंजिन किती खातं हे तिथे कोण मोजणार? पन्नास वर्षं इंजिनं चालली होती आणि ही गोष्ट सांगितली ती एका बिघडलेल्या खेळण्याने.

मग त्याने मोजायला सुरुवात केली. पाण्याची वाफ झाली की ती किती पट जागा व्यापते? त्याचं उत्तर आलं १,८०० पट. आजचा आकडा १,७०० च्या जवळपास आहे. त्या काळच्या साधनांवर हे उत्तर उत्तमच म्हणायचं. थोडीशी वाफ पाण्यात सोडली तर आपल्या वजनाच्या सुमारे सहा पट पाणी ती उकळीपर्यंत नेते, हेही त्याला दिसलं आणि तो चक्रावला. एवढी उष्णता वाफेत येते कुठून? त्याने ब्लॅकना विचारलं. ब्लॅक तर अप्रकट उष्णतेचा सिद्धांत वर्गात शिकवत होते. नववीला आपण बर्फ आणि थर्मामीटरचा आलेख काढायचो, तीच ही अप्रकट उष्णता. हिशेब जुळला. इंजिनातली सुमारे तीन चतुर्थांश वाफ सिलिंडर तापवण्यातच वाया जात होती.

आता पेच असा होता की वाफ वाया जाऊ नये म्हणून सिलिंडर कायम गरम हवा, आणि वाफेचं पाणी व्हावं म्हणून तो थंडही हवा. एकाच भांड्याने दोन्ही कसं करायचं? १७६५ च्या मे महिन्यातल्या एका रविवारी वॅट ग्लासगोच्या हिरवळीवर फिरायला गेला होता. गावातल्या बायका कपडे धूत त्या जागेवरून पुढे जाताना त्याला उत्तर सुचलं. दोन कामांना दोन भांडी. सिलिंडर गरमच ठेवायचा, आणि त्याला नळीने जोडलेल्या दुसऱ्या, सतत थंड भांड्यात वाफ ओढून घेऊन तिथे तिचं पाणी करायचं. हा वेगळा कंडेन्सर. रविवारी कामाला हात लावायचा नाही अशी तिथली रीत होती, म्हणून रात्रभर थांबून त्याने लगेचच मॉडेल करायला घेतलं. सिलिंडर म्हणून वैद्यांची पितळी पिचकारी वापरली, पावणेदोन इंच व्यासाची. कंडेन्सर पत्र्याच्या बारीक नळ्यांचा. या जुळणीने अठरा पौंड वजन उचललं. त्या वेळचं त्याचं एक मॉडेल आजही लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे.

किटलीऐवजी हिरवळीची गोष्ट सांगणारी पुस्तकंही बहुधा इथेच थांबतात. त्या दिवशी वॅट २९ वर्षांचा होता. त्याचं पहिलं कामाचं इंजिन खाणीवर सुरू झालं तेव्हा तो ४० वर्षांचा होता. टेबलावर चाललेली वस्तू खाणीपर्यंत पोचायला जवळजवळ अकरा वर्षं लागली. या अकरा वर्षांसाठी मी हा लेख लिहिते आहे.

सुचलं त्याच्या आदल्याच वर्षी, १७६४ मध्ये, नात्यातल्या मार्गारेट मिलरशी त्याचं लग्न झालं होतं. घरचे तिला पेगी म्हणत. प्रयोगांपायी कर्ज झालं. जॉन रोबक नावाच्या कारखानदाराने सुमारे हजार पौंडांचं कर्ज आपल्या अंगावर घेतलं आणि बदल्यात पेटंटचा दोन तृतीयांश हिस्सा घेतला. जानेवारी १७६९ मध्ये पेटंट मिळालं. किनील इथे रोबकच्या घरामागे अठरा इंची सिलिंडरचं इंजिन उभं राहिलं आणि नीट चालेना.

कारण कल्पनेत नव्हतं, सिलिंडरच्या भोकात होतं. न्यूकोमेनच्या इंजिनात दट्ट्या आणि भिंत यांच्यामधली फट बुजवायला दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवत. भोक थोडं वाकडंतिकडं असलं तरी पाणी सांभाळून घेई. वॅटला पाणी चालणार नव्हतं, कारण पाण्याने सिलिंडर थंड होतो आणि मूळ मुद्दाच बुडतो. म्हणजे त्याची कल्पना जितकी चांगली, तितकं भोक जास्त गोल हवं. आणि तेवढं गोल भोक कुणाला पाडताच येत नव्हतं. त्याने बूच घालून पाहिलं, तेलातल्या चिंध्या, कागदाचा लगदा, जुन्या टोप्यांचं नमदं आणि घोड्याची लीदसुद्धा. वाफ निसटत राहिली.

पोटासाठी तो कालव्यांची मोजणी करू लागला. ऊनपावसात, थंडीत, डोकेदुखी सांभाळत महिनोन् महिने घराबाहेर. इंजिन किनीलला गंजत पडलं. आपल्या पत्रांतून तो स्वतःला नालायक ठरवून मोकळा झालेला दिसतो. पेगीने त्याला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. हे नाही जमलं तर दुसरं काहीतरी जमेल, धीर सोडू नका, असा त्याचा आशय आहे. १७७३ च्या सप्टेंबरमध्ये तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडे डोंगराळ भागात एका कालव्याची आखणी करत होता. तिथे त्याला पेगी बाळंतपणात अत्यवस्थ असल्याचा निरोप मिळाला. तो घरी पोचण्याआधीच ती गेली होती. मागे दोन लहान मुलं होती. त्याच वर्षी रोबकचं दिवाळं निघालं.

इथे माझ्याबद्दल चार ओळी लिहिते. काही वर्षांपूर्वी एका कंपनीत आम्ही पाच जणांनी एक प्रणाली तयार केली होती. वीस लोकांसमोर ती सुरेख चालली, टाळ्या पडल्या. लाखो लोकांसाठी ती उभी करायला तीन वर्षं गेली आणि चौथ्या वर्षी वरून निर्णय झाला, काम थांबलं, टीम पांगली. त्या तीन वर्षांचं काय करायचं हे मला कळत नव्हतं. बायोडेटात ती दोन ओळींत मावतात. वॅटची किनीलची वर्षं वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. तेव्हा त्याला कुणी विचारलं असतं, तर त्याच्याकडेही दोन ओळींपेक्षा जास्त सांगण्यासारखं नव्हतं.

रोबककडून येणं असलेल्या पैशांच्या बदल्यात पेटंटमधला त्याचा हिस्सा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने घेतला. १७७४ साली वॅट बर्मिंगहॅमला आला, इंजिनही सुटं करून आणलं. बोल्टन उत्साही, धंद्यात मुरलेला. वॅट चिंता करणारा. जोडी जमली. पण कोंडी फोडली ती तिसऱ्याच माणसाने. जॉन विल्किन्सन हा लोखंडाचा कारखानदार तोफा बनवायचा.

तोवर सिलिंडर कोरायची पद्धत अशी होती की लांब दांड्याच्या टोकाला कापणारं हत्यार असे आणि ते टोक सिलिंडरच्या आत एका लहान गाड्यावर टेकलेलं असे. ओतलेलं भोक वाकडं असेल तर गाडा वाकडा चाले आणि त्यामागून हत्यारही. विल्किन्सनने जाडजूड दांडा सिलिंडरमधून आरपार घातला आणि त्याला दोन्ही टोकांना बाहेरून आधार दिला. आता हत्यार आपल्याच सरळ रेषेत फिरू लागलं. भोकाचा वाकडेपणा त्याला शिवेना. पन्नास इंची सिलिंडरमध्ये पातळशा नाण्याच्या जाडीएवढीही तफावत राहिली नाही.

हे वाचलं तेव्हा मला फार गंमत वाटली, कारण आदल्याच महिन्यात माझ्या बाल्कनीत मी तेच केलं होतं. पाऊण इंची भोक कोरताना टूल एकाच बाजूने धरलेलं असलं की ते खोल गेल्यावर लवतं आणि भोक पुढे निमुळतं होतं. म्हणून सिलिंडर लेथच्या सॅडलवर घट्ट बांधायचा आणि दोन सेंटरांमध्ये फिरणारा बार त्यातून आरपार घालायचा. बिडाच्या वरच्या सालीत वाळू आणि टणकपणा असतो, म्हणून पहिला कट त्या सालीच्या खाली जाईल एवढा खोल घ्यायचा. शेवटी माप न वाढवता तोच कट पुन्हा दोनदा फिरवायचा, म्हणजे लवलेलं टूल राहिलेलं काढून घेतं. दोन्ही टोकांची मापं जुळली, तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून भोक दाखवलं. सगळ्यांनी ते पाहिलं आणि जेवायला गेले.

मार्च १७७६ मध्ये टिप्टनजवळच्या ब्लूमफील्ड खाणीवर वॅटचं पन्नास इंची इंजिन सुरू झालं. दुसरं इंजिन विल्किन्सनने स्वतःच्याच भट्टीला हवा द्यायला घेतलं. त्याच वर्षी वॅटने अ‍ॅन मॅकग्रेगरशी दुसरं लग्न केलं. मधल्या काळात बोल्टनच्या खटपटीने संसदेने पेटंटची मुदत १८०० सालापर्यंत वाढवून दिली होती. जुन्या इंजिनाच्या तुलनेत जो कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा तिसरा हिस्सा दरवर्षी द्यायचा, अशी विक्रीची अट होती. कॉर्नवॉलमधल्या तांब्याच्या आणि कथलाच्या खाणींना कोळसा समुद्रमार्गे विकत आणावा लागे, त्यामुळे तिथे हे इंजिन झपाट्याने पसरलं.

यापुढची वर्षं यशाची. वरखाली हालचालीची गोल फिरती गती केली, म्हणजे गिरण्यांनाही इंजिन चालावं. त्यासाठी लागणाऱ्या भुजेवर दुसऱ्याने पेटंट घेतलं होतं, म्हणून १७८१ मध्ये दातेरी चाकांची वेगळीच योजना काढली. १७८४ मध्ये दांड्यांची अशी जुळणी केली की तुळईचं टोक कमानीत फिरलं तरी दट्ट्याचा दांडा जवळजवळ सरळ रेषेत जाईल. आपल्या सगळ्या कामांत त्याला याचाच सर्वाधिक अभिमान होता. इंजिनाची ताकद गिऱ्हाइकाला समजावी म्हणून त्याने घोड्याशी तुलना केली आणि मिनिटाला ३३,००० फूट-पौंड म्हणजे एक अश्वशक्ती असं ठरवलं.

याच १७८४ साली आणखी एक मॉडेल जन्माला आलं आणि त्याबद्दल लिहिल्याशिवाय हे चरित्र प्रामाणिक होणार नाही. विल्यम मर्डॉक हा वॅट आणि बोल्टन यांचा कॉर्नवॉलमधला सर्वांत गुणी माणूस. दिवसभर खाणींवरची इंजिनं सांभाळायचा आणि रात्री घरी बसून त्याने तीन चाकांची वाफेवर पळणारी छोटी गाडी केली. खाली स्पिरिटचा दिवा, सिलिंडर पाऊण इंची. माझ्या संचाचाही बोअर तेवढाच. ती गाडी खरोखर पळायची. जास्त दाबाची वाफ वापरून चाकं फिरवायची, हा रेल्वेकडे जाणारा रस्ता होता.

वॅटला जास्त दाबाच्या वाफेची भीती वाटे. त्या काळचे बॉयलर पाहता ती अगदीच निराधार नव्हती. शिवाय चांगला माणूस अशा नादात गुंतू नये असं दोन्ही मालकांना वाटत होतं. १७८६ मध्ये मर्डॉक पेटंट घ्यायला लंडनकडे निघाला असता बोल्टनने त्याला वाटेत गाठून परत फिरवलं. इतरांच्या सुधारणांवरही पेटंटच्या जोरावर खटले झाले. एका बिघडलेल्या खेळण्याचं म्हणणं ज्याने ऐकलं होतं, त्याला वीस वर्षांनी दुसऱ्याचं चालतं खेळणं दिसेना. मोठ्या माणसाचा दोष दाखवायला हे लिहीत नाही. आपल्यातले बरेच जण आज कुणाचे तरी वरिष्ठ आहेत, आई-बाबा आहेत, म्हणून लिहिते. समोर कुणीतरी टेबलावर काहीतरी आणून ठेवतं, तेव्हा ते पुरतं पाहायला थोडा वेळ काढायला हवा.

१८०० साली पेटंट संपलं आणि वॅट निवृत्त झाला. बर्मिंगहॅमजवळच्या हीथफिल्ड या घरात पोटमाळ्यावर त्याची खोली होती. लेथ, हत्यारं, बाटल्या, साचे. तिथे तो पुतळ्यांच्या प्रतिकृती कोरणारी यंत्रं करत बसे. एक त्याच मापाची प्रत काढणारं, दुसरं लहान मापाची. वडिलांच्या कारखान्यातल्या त्या लहान टेबलापासून निघालेला माणूस ऐंशीच्या घरात पुन्हा तसल्याच टेबलाशी आला होता. दुसऱ्या लग्नाची दोन्ही मुलं त्याच्या डोळ्यांदेखत गेली. मुलगी जेसी १७९४ मध्ये, पंधराव्या वर्षी. मुलगा ग्रेगरी अत्यंत बुद्धिमान होता. १८०४ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेला.

२५ ऑगस्ट १८१९ रोजी, ८३ व्या वर्षी वॅट वारला. पोटमाळ्याची खोली बंद करण्यात आली आणि शंभराहून अधिक वर्षं जवळजवळ तशीच राहिली. १९२४ मध्ये तिथल्या आठ हजारांहून अधिक वस्तू आणि खोलीची जमीन, खिडकीसुद्धा उचलून लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये मांडली. आज विजेच्या प्रत्येक दिव्यावर आणि मिक्सरच्या बुडाशी त्याचं नाव छापलेलं असतं. त्या खोलीत हत्यारांच्या गर्दीत एक छोटी पेटी निघाली. तिच्यात ग्रेगरीची शाळेची वह्या-पुस्तकं होती. निवृत्तीनंतरची वर्षं वॅट त्या पेटीशेजारी बसून काम करत होता.

आपल्या बॅचच्या स्मरणिकेत हे लिहावंसं वाटलं त्याचं हेही एक कारण. वह्या आपल्या कुणाकडेच उरलेल्या नसतील, पण प्रत्येकाच्या घरी पोटमाळ्यावर, कपाटावर, हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात एखादं किनील असेल. टेबलावर चाललेलं आणि पुढे न गेलेलं. भेटीच्या दिवशी बढत्या आणि घरं यांच्याबरोबर त्याबद्दलही विचारू या.

माझं इंजिन सध्या दाबाखालच्या हवेवर फिरतं; बॉयलर अजून व्हायचा आहे. स्नेहसंमेलनाला ते आणते आहे. कार्यानुभवाच्या सरांना विनंती, की येताना चष्मा आणावा. फ्लायव्हील किंचित डुलतंय असं मला वाटतं, घरचे नाही म्हणतात. सरांनी बघून सांगावं.